रोजची सायकल : आधी स्वतः, मग सोबतीला आणखी कुणी

जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल बऱ्याच इमारतींत एखादी तरी असतेच. घेताना ती हौसेनंच घेतलेली असते. पहाटे उठायचं, वीस किलोमीटर मारायचे, वजन उतरवायचं असा बेत असतो आणि महिनाभर तो पारही पडतो. मग सर्दी होते, घरी पाहुणे येतात, टायरमधली हवा जाते आणि सायकल जी जिन्याखाली जाते ती जातेच.

याला लोक आळस म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या सायकलला काही काम नव्हतं, एवढीच अडचण होती. व्यायाम उद्यावर ढकलता येतो, संपलेली औषधं आणायला जाणं ढकलता येत नाही. म्हणून या लेखात वेग, विक्रम, स्पर्धा यांतलं काही नाही. नेहमीच्या कपड्यांत, साध्या सायकलवर रोजच्या कामांना कसं जायचं आणि ते अंगवळणी पडलं की शेजारच्या किंवा ऑफिसातल्या एखाद्याला कसं सोबत घ्यायचं, एवढंच आहे.

## एकच फेरी निवडा

गेल्या आठवड्यात कुठे कुठे जाणं झालं ते आठवून कागदावर लिहा. किराणा, दवाखाना, वाचनालय, मुलांची शिकवणी, स्टेशन, ऑफिस, काय असेल ते. प्रत्येकापुढे अंतर लिहा आणि पाच किलोमीटरच्या आत जे बसतं त्यावर खूण करा. रमतगमत चालवली तरी सायकल तासाला १२ ते १५ किलोमीटर जाते. म्हणजे पाच किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं. भर गर्दीत गाडी बाहेर काढणं, सिग्नल, पार्किंगची जागा शोधणं हे सगळं धरलं तर फरक फारसा उरत नाही.

खूण केलेल्यांतली एकच फेरी सायकलसाठी राखून ठेवा. जिला वेळेचं बंधन नाही, सामान कमी आणि रस्ता सपाट आहे अशी. ऑफिसपासून सुरुवात करू नका. उशीर होईल का, घाम येईल का, सायकल कुठे लावू, लोक काय म्हणतील, अशा सगळ्या काळज्या एकदम अंगावर येतात. एक सोपी फेरी दोन-तीन आठवडे सवयीची झाली की दुसरी आपोआप सुचते.

गाडीने जायचा रस्ता सायकलला सोयीचा असेलच असं नाही. आतल्या गल्ल्या, शाळेमागचा रस्ता, कालव्याकडेची वाट असं काही मिळतं का ते नकाशावर बघा आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी एकदा जाऊन या. चढ कुठे, खड्डे कुठे, कुठला चौक नको वाटतो, हे डोळ्यांखालून जाऊ द्या. अर्धा-एक किलोमीटर जास्त पडला तरी शांत रस्ताच घ्या. एखादा चौक फारच अंगावर येत असेल तर तिथे उतरा, सायकल हातात धरून पायी ओलांडा आणि पलीकडे पुन्हा बसा. मुरलेले सायकलवालेही हे करतात.

आणि व्यायामाची काळजी असेल तर तिचाही हिशोब लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा, आठवड्यातले पाच दिवस. दीडशे मिनिटं कामाकामात झाली.

## सायकल कुठली? शक्यतो आहे तीच

दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ही आजच्या सायकलची रचना जॉन केम्प स्टार्लीच्या १८८५ च्या 'रोव्हर' सायकलीने रूढ केली. तीन वर्षांनी जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर आणला. मूळ आराखडा अजून तोच आहे. त्यामुळे वीस वर्षांची सायकल जुनाट ठरत नाही, नुसती कोरडी पडलेली असते. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, चेन या सगळ्या बदलायच्याच वस्तू आहेत. ज्या सहज बदलता येत नाहीत त्या मात्र नीट बघून घ्या. फ्रेमच्या जोडांपाशी तडा किंवा सुरकुतलेला रंग दिसतो का? चाक हवेत फिरवल्यावर डावी-उजवीकडे डोलतं का? सीटची नळी वरखाली होते का? ती फ्रेममध्ये गंजून बसली असेल तर सायकल कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या.

नवीनच घ्यायची असेल तर दुकानात बहुतेक वेळा पुढे शॉकअप आणि जाडजूड खाचांचे टायर असलेली सायकल समोर येते. दिसायला दणकट असते. डांबरी रस्त्यावर मात्र त्या स्प्रिंगचं वजन उगाच वाहावं लागतं आणि चढावर उभं राहून पायडल मारताना जोराचा काही भाग ती स्प्रिंगच खाते. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे, कमी खाचांचे टायर खड्ड्यांनाही पुरतात. हँडल असं असावं की पाठ जवळपास सरळ ठेवून बसता येईल आणि मान न ताणता पुढचं दिसेल.

मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी. या पाच गोष्टी नसतील तर ती खेळायची सायकल आहे, वापरायची नाही. हे माझं ठाम मत आहे. मडगार्डशिवाय ओल्या रस्त्यावरून गेलात की पाठीवर चिखलाची रेघ, चेनकव्हरशिवाय पँटीला काळा डाग, आणि कॅरिअर नसेल तर ओझं पाठीवर. सपाट भागात गिअर नसले तरी चालतं, चढउतार असतील तर मागचे सहा-सात गिअर पुरे. फ्रेमचं माप सोपं आहे. आडव्या दांडीवर पाय दोन्हीकडे टाकून उभं राहिलात की दांडी आणि शरीर यांत किमान दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा हवी.

चढ खरोखर मोठे असतील किंवा गुडघे साथ देत नसतील तर विजेच्या मदतीची सायकल घ्यायला काहीच हरकत नाही. बऱ्याच देशांत तिच्या मोटरला २५० वॅट आणि मदतीला ताशी २५ किलोमीटर अशी मर्यादा असते. पाय तरीही मारावे लागतात.

## सीटची उंची

सायकल जड जाते अशी तक्रार करणाऱ्याची सीट आधी बघावी. ती बहुधा खाली असते. गुडघे सतत जास्त वाकलेले राहतात, मांड्या भरून येतात आणि दोष सायकलला जातो.

भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल उलट्या दिशेने फिरवा. पायडल सगळ्यात खाली आलं की टाच न सुटता पाय सरळ झाला पाहिजे. कंबर एका बाजूला कलंडत असेल तर सीट उंच आहे, गुडघा वाकलेलाच राहत असेल तर खाली. प्रत्यक्ष चालवताना पायडलवर टाच नसते, चवडा असतो. त्यामुळे गुडघ्याला आपसूक हलका बाक राहतो, साधारण २५ ते ३५ अंशांचा. पुढे कधी गुडघा समोरून दुखायला लागला तर सीट थोडी वर घेऊन बघा, मागच्या बाजूने दुखला तर थोडी खाली. बदल एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरचा करा. नळीवर कमाल उंचीची एक खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

इथे नवशिक्यांची हमखास हरकत येते : एवढ्या उंचीवर पाय जमिनीला टेकत नाहीत. बरोबर आहे, टेकायचेही नसतात. थांबताना सीटवर बसून राहायचं नाही. पुढे सरकून सीटवरून उतरायचं आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं. निघताना एक पायडल वर, थोडं पुढे आणायचं, त्यावर पाय रोवून अंग वर उचलायचं. त्याच हिसक्यात सायकल पुढे जाते आणि तुम्ही सीटवर बसता. रिकाम्या मैदानात अर्धा तास हे घोटलं की सीट उंच असल्याची भीती जाते. तोवर सीट दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवा आणि दर आठवड्याला थोडी थोडी वर घ्या.

बूड दुखतं म्हणून लोक जाड फोमची सीट घेतात. अंगाचा भार बुडाच्या दोन हाडांवर पडायला हवा. फोम फारच मऊ असेल तर हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. अर्ध्या तासानंतर ती सीट जास्त त्रास देते. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस थोडं दुखणं चालायचंच. बधिरपणा आला तर मात्र दुर्लक्ष करू नका, सीटचा कल आणि उंची तपासा. तळहाताला मुंग्या येत असतील तर कोपर किंचित वाकवा, मनगट सरळ ठेवा आणि अधूनमधून पकड बदला.

## हवा, ब्रेक, चेन

घरी एक उभा पंप असावा, हवेचा काटा असलेला. बाकी सगळी खरेदी नंतर. पंक्चर नसलं तरी ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपतच असते. आठवड्यातून एक वार ठरवून हवा भरली की सायकल हलकी चालते, खड्ड्यात रिमचा दणका ट्यूबला बसत नाही आणि पंक्चरही कमी होतात. किती भरायची ते टायरच्या कडेला पीएसआय किंवा बारमध्ये छापलेलं असतं (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय). कमाल आकडा गाठायची गरज नाही. दिलेल्या मर्यादेत, वजन किंवा सामान जास्त असेल तर वरच्या बाजूला, नाहीतर मधे कुठेतरी ठेवा. पंप घेताना व्हॉल्व्ह कुठला ते बघा. गाडीसारखा जाड श्रेडर, बारीक नळीचा प्रेस्टा आणि जुन्या सायकलींना असतो तो डनलॉप, असे तीन प्रकार सर्रास दिसतात.

टायर बदलायची वेळ आली तर इंचांवर विसंबू नका. '२८ इंच' लिहिलेल्या दोन टायरांपैकी एक ६२२ मिलिमीटरच्या रिमचा आणि दुसरा ६३५ चा असू शकतो, आणि एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. २६ इंचांतही ५५९ आणि ५९० असे वेगवेगळे निघतात. टायरवर '३७-६२२' अशी जोडी शोधा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

ब्रेक तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून ढकला, चाक फिरता कामा नये, घासत गेलं तर चालेल. ब्रेकची दांडी पार हँडलला टेकत असेल तर केबल ताणायला झाली. रबर रिमलाच लागतं ना, टायरला घासत नाही ना, आणि त्यावरच्या खाचा शिल्लक आहेत ना, हे बघा.

चेनचं वंगण हा सगळ्यात जास्त उधळपट्टीचा विषय. बाहेर चोपडलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. चेन फडक्याने पुसा, आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकेक थेंब टाका, पायडल उलटं दहा-बारा वेळा फिरवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हात लावला तर जेमतेम चिकट लागावी, तेवढी पुरे. चेन झिजली का ते साध्या पट्टीने कळतं. चेनच्या दोन पिनांतलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. तेव्हा एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन ३०४.८ मिलिमीटरवर यायला हवी. ती ३०६ च्या पुढे सरकली की चेन बदला. ३०८ पर्यंत वाट पाहिलीत तर दातेरी चाकंही झिजतात आणि स्वस्तातलं काम महागात पडतं.

सोबत एक जादा ट्यूब, प्लास्टिकचे दोन टायर काढायचे लिव्हर आणि छोटा पंप असू द्या. एकदा घरी बसून, घाई नसताना, चाक काढून ट्यूब बदलून बघा. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं सावकाश फिरवायला विसरू नका. काटा किंवा काच तिथेच रुतलेली असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

## घामाचं काय?

ऑफिसला सायकलने न जाण्याचं हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण, आणि ते खोटं नाही. पण घाम येतो तो बराचसा वेगामुळे. हवेला बाजूला सारायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट केला की ही ताकद आठपट लागते. शिवाय स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत जातो. वीसऐवजी तेराच्या वेगाने गेलात तर पाच किलोमीटरला आठेक मिनिटं जास्त लागतील. तेवढ्यावर शर्ट वाचतो.

चालवत असताना वारा लागतो म्हणून घाम जाणवत नाही. थांबलं की तो फुटतो. म्हणून शेवटचा किलोमीटर अगदी सावकाश जा आणि पोचल्यावर लगेच आत न शिरता सावलीत पाच मिनिटं थांबा. पाठीवरची बॅग कॅरिअरवर किंवा बाजूच्या पिशवीत टाका, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. गिअर हलका ठेवा. मिनिटाला साठ ते ऐंशी वेळा पाय फिरावेत, प्रत्येक वेळी जोर थोडाच लागावा. साधे मागचे गिअर पाय फिरत असतानाच बदलतात. त्यामुळे सिग्नल जवळ आला की थांबण्याआधीच हलका गिअर टाका, नाहीतर निघताना धाप लागते. उजव्या पायाची पँट चेनच्या बाजूला असते, ती पट्ट्याने बांधा. सैल, लोंबणारे कपडे असतील तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्या.

मुसळधार पाऊस किंवा तापलेलं अंग असेल त्या दिवशी बसने जा. रोजची सायकल म्हणजे एकही दिवस न चुकवण्याचा नवस नव्हे.

## रस्त्यावर

वाहतुकीच्या दिशेनेच चालवा. उलट्या बाजूने येणारा सायकलस्वार वळणाऱ्या गाडीवाल्याच्या हिशोबातच नसतो.

रस्त्याच्या अगदी कडेला घसटून जाणं सुरक्षित वाटतं, पण तिथेच खडी, गटाराची झाकणं आणि मधेच उघडणारी गाड्यांची दारं असतात. कडेपासून पाऊण-एक मीटर आत, उभ्या गाड्यांपासून एका उघड्या दाराएवढं लांब आणि सरळ रेषेत चाला. उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नका. मागच्या चालकाला तुम्ही दिसेनासे होता आणि मग अचानक पुढ्यात येता. वळण्याआधी मागे वळून बघता आलं पाहिजे, तेही सायकल न वळवता. हे मैदानात शिकायचं कसब आहे. रेघ आखून तिच्यावरून चालवत मागे बघायचा सराव करा. मग हात दाखवणं.

ट्रक किंवा बस चौकात थांबली असेल तर तिच्या कडेने पुढे घुसू नका. ती आतल्या बाजूला वळली तर चालकाला तुम्ही दिसतच नाही. मागे थांबा. रूळ ओलांडताना शक्य तेवढे काटकोनात ओलांडा. ओले रूळ, लोखंडी झाकणं आणि रंगवलेले पट्टे यांवर वळू नका आणि ब्रेकही मारू नका.

पुढचा ब्रेक मारला की डोक्यावरून पडतो, अशी भीती बहुतेकांना लहानपणीच घातलेली असते. वस्तुस्थिती अशी, की ब्रेक लागताना भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकत्र, क्रमाने जोर वाढवत दाबा, हात ताठ धरा आणि कंबर मागे घ्या. खडीवर, ओल्यात आणि वळणावर पुढचा हलक्या हाताने. कुठल्या हाताला कुठला ब्रेक हे देशानुसार बदलतं, दुसऱ्याची सायकल घेताना आधी बघा. रिमचे ब्रेक पावसात उशिरा लागतात. चाकाचा पहिला फेरा पाणी पुसण्यात जातो, म्हणून थांबण्याच्या बऱ्याच आधी हलके दाबायला लागा.

अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. त्याखेरीज पायडलवर किंवा घोट्यावर चमकणारी पट्टी लावा. वर-खाली हलणारा ठिपका बघताच तो माणूस आहे हे चालकाला चटकन कळतं, अंगावरच्या स्थिर पट्टीपेक्षा लवकर. हेल्मेट कपाळावर आडवं, भुवयांच्या वर दोन बोटं बसावं आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटंच जावीत. एकदा जोराचा आपटलेला हेल्मेट बाहेरून धड दिसला तरी टाकून द्यावा. कान मोकळे ठेवा.

कुलूप फक्त चाकाला लावलंत तर चाक तेवढं शिल्लक राहतं. फ्रेम आणि एक चाक दोन्ही एका जमिनीत रोवलेल्या वस्तूला बांधा. फ्रेमचा क्रमांक बहुधा पायडलच्या कण्याखाली कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. सायकल सापडली तर ती तुमची हे त्यावरूनच सिद्ध होतं.

## आता दुसऱ्याला सोबत घेताना

पर्यावरण, इंधनबचत, हृदयविकार यांवरची भाषणं ऐकून सायकल घेतलेला माणूस मला भेटलेला नाही. तुम्ही रोज साध्या कपड्यांत, हसतमुखाने, वेळेवर पोचता हे बघून विचारणारे मात्र भेटतात. विचारलं की थोडक्यात सांगा आणि उलट विचारा : तुम्हाला कुठे जायचं असतं? मग अडचण काय ते ऐका. भीती रस्त्याची आहे, सायकल नीट नाही, की चालवताच येत नाही? तिन्हींची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

सायकल नीट नसेल तर सल्ला देऊ नका, पंप घेऊन त्यांच्या घरी जा. हवा, चेनला वंगण, ब्रेकची केबल, सीटची उंची. तासाभरात पडीक सायकलींपैकी कितीतरी चालत्या होतात. सायकलच नसेल तर तुमची आठवडाभर द्या. हेल्मेट, हातमोजे, खास पँट, घड्याळ असली यादी पहिल्याच दिवशी हातात ठेवली तर समोरचा मनातल्या मनात खर्चाची बेरीज करतो आणि विषय संपतो.

भीती रस्त्याची असेल तर त्यांची रोजची फेरी त्यांच्यासोबत करा, आधी सुट्टीच्या सकाळी. नवा माणूस पुढे, तुम्ही मागे थोडं बाहेरच्या अंगाला. वेग त्यांनी ठरवायचा. तुम्ही पुढे गेलात की ते तुम्हाला गाठायला धावतात, दमतात आणि सायकल अवघड असते एवढंच लक्षात ठेवतात. चालवताना सूचनांचा भडिमार नको. पोचल्यावर एखादी गोष्ट सांगा, एकच. पहिली फेरी अंगात ताकद शिल्लक असतानाच संपवा. 'अजून थोडं जाऊ या' हा मोह तुमचा असतो, त्यांचा नसतो.

गाड्या नसलेला रस्ता मिळाला तर लोक आपण होऊन येतात. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी काही मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून सायकली आणि पादचाऱ्यांना मोकळे ठेवतात. तुमच्या भागात असं काही होत नसलं तरी सकाळचे साडेसहा हा त्याच्या जवळचा प्रकार आहे. आणि माणसं वाढली की सगळ्यांचाच फायदा. २००३ साली पीटर जेकबसन यांनी 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात दाखवलं, की जिथे चालणारे आणि सायकलवाले जास्त, तिथे दर माणशी अपघाताचा धोका कमी. यात चालकांची सवय किती आणि सुधारलेले रस्ते किती, यावर वाद आहे. पण शेजारी एक सायकल वाढली तर तुमचं काही बिघडत नाही, हे नक्की.

सायकल येतच नसलेल्या मोठ्या माणसाला शिकवणं हे सगळ्यात समाधानाचं काम. मागून सीट धरून धावू नका. तुम्ही दमता आणि त्याला तुमच्या हाताची सवय लागते. त्यापेक्षा इतिहासातला क्रम पाळा. कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये बनवलेल्या दुचाकीला पायडलच नव्हते, पायांनी जमीन ढकलत जायचं. पायडल लावायला पुढे चार दशकांहून जास्त काळ गेला. आधी तोल, मग पायडल.

पायडल काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. लोक उलटं जोर लावून पाना घसरवतात. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील. किंचित उताराची, गवत नसलेली, मोकळी जागा शोधा. आधी सीटवर बसून नुसतं चालत जायचं. मग लांब ढांगा. मग दोन्ही पाय उचलून दोन-तीन सेकंद तरंगायचं. नजर चाकावर नको, वीस-तीस पावलं पुढे. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल हलकं वळवायचं. मनाला हे उलटं वाटतं, पण तोल असाच सावरतो. ब्रेक इथेच शिकवून टाका. दहा सेकंद पाय न टेकता जाता यायला लागलं की एक पायडल बसवा, मग दुसरं. काहींना हे एका सकाळी जमतं, काहींना चार-पाच दिवस लागतात. लहान मुलांनाही बाजूच्या आधारचाकांपेक्षा हीच रीत बरी, कारण आधारचाकं सायकल कलंडूच देत नाहीत आणि कलंडल्याशिवाय तोल शिकता येत नाही. मुलांना 'वाढत्या अंगाची' सायकल मात्र घेऊ नका. पाय टेकत नसलेल्या सायकलवर मूल घाबरतं आणि घाबरलेलं मूल ब्रेक विसरतं.

ऑफिसात तीन-चार जण झालात की व्यवस्थापनाकडे जागा मागा, आणि नेमकी मागा. ज्यात फक्त पुढचं चाक अडकतं ते जमिनीलगतचे स्टँड नकोत. त्यात रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लावता येत नाही. जमिनीत रोवलेला, कमरेएवढा उंच, उलट्या यू आकाराचा लोखंडी दांडा हवा. एका दांड्याला दोन बाजूंनी दोन सायकली बसतात. तो दाराजवळ, पहारेकऱ्याच्या नजरेसमोर आणि छपराखाली असावा. दोन दांड्यांमध्ये साधारण एक मीटर अंतर ठेवायला सांगा, नाहीतर हँडल एकमेकांत अडकतात. सोबत एक सामायिक पंप भिंतीला साखळीने बांधून ठेवा.